एक अळी सापडली आणि आंबा परत आला

तपासणीच्या टेबलावर पांढरा ट्रे होता, स्टीलची सुरी होती आणि आमच्या बागेतला हापूस होता. तपासणी करणाऱ्या मुलीने सातवं की आठवं फळ उचललं, देठाच्या जरा खाली अंगठ्याने हलकेच दाबलं आणि ती थांबली. मला काहीच दिसत नव्हतं. तिने भिंग पुढे केलं तेव्हा दिसलं: टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, आणि त्याच्याभोवती मोहरीएवढी जागा किंचित पिवळी पडलेली. तिने फळ कापलं. सालीखालून गरात एक बारीक वाट गेली होती आणि त्या वाटेच्या टोकाला मळकट पांढरी अळी होती. जिऱ्याच्या दाण्याएवढी.

"ताई, हा लॉट युरोपला जाणार नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, कीवही नव्हती. तिने वहीत नोंद केली, आमचा बागेचा नोंदणी क्रमांक लिहिला आणि क्रेट बाजूला ठेवायला सांगितले. शंभर डझन आंबा. उरलेल्या फळांत बहुधा काहीच नव्हतं, पण "बहुधा"ला तिथे जागा नसते.

आमची बाग रत्नागिरीच्या खाली, पावसच्या अलीकडे, कातळावर आहे. हापूसची दोनशेच्या वर कलमं. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, डोक्यावरून माती आणून भरली आणि कलमं लावली. बाबांनी ती सांभाळली. आंबा पेंढ्यात भरून लाकडी पेटीतून वाशीला दलालाकडे जायचा, विक्रीच्या हिशेबाची पट्टी यायची, विषय संपायचा. परदेशी पाठवण्याचा विचार माझा. नवी मुंबईतली नोकरी सोडून मी घरी आले, तेव्हा बाबांना एवढंच म्हटलं होतं की पाच वर्षं द्या.

बाबा या बाबतीत धास्तावलेले होते, आणि त्याला कारण होतं. २०१४ त्यांच्या लक्षात आहे. त्या वर्षी १ मेपासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा बंद केला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही बंद. आदल्या वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये किडी सापडल्या होत्या, त्यात फळमाशीचा मोठा वाटा होता. ऐन हंगामात दार बंद झालं. आम्ही तेव्हा निर्यातीत नव्हतो, पण परदेशी जाणारा माल वाशीतच उतरला की भाव पडतो आणि फटका आपल्यालाही बसतो. बंदी पुढे २०१५ च्या सुरुवातीला उठली, पण बाबांच्या मनात ते राहिलंच. "आपण आंबा नीट पिकवायचा, आणि कुठल्यातरी दुसऱ्याच्या फळात अळी निघाली म्हणून आपलं दार बंद?" हा त्यांचा प्रश्न होता.

मला तो प्रश्न आधी बरोबर वाटायचा. परत आलेल्या त्या लॉटनंतर तसा वाटला नाही. त्या दिवशी तो "दुसरा" आम्हीच होतो.

नोंदणीचं काम मी समजत होते तेवढं अवघड निघालं नाही. मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबाबागांच्या सरकारी नोंदणीत, बागेची नोंद करायची म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज, सातबारा, आठ अ, बागेचा नकाशा. मग अधिकारी बागेत येऊन पाहणी करतात, फवारणीची वही बघतात आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाकडून नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक पुढे प्रत्येक खोक्यावर जातो. तिकडे एखाद्या विमानतळावर फळात काही सापडलं, तर त्यावरून उलट शोधत आमच्या बागेपर्यंत येता येतं. बाबांना ही गोष्ट सगळ्यात आवडली. दलालाच्या गाळ्यावर आमचा आंबा कुणाच्याही आंब्यात मिसळायचा, इथे आमचं फळ शेवटपर्यंत आमचंच राहत होतं.

वही मात्र नवी होती. कुठल्या तारखेला कशाची फवारणी, किती पाण्यात किती औषध, कुणी मारली, सगळं लिहायचं. मोहोरावर तुडतुडे, मग फुलकिडे, पुढे करपा, भुरी. प्रत्येकासाठी औषध आहे, आणि प्रत्येक औषधाचा अंश फळात किती चालतो याचं प्रत्येक देशाचं वेगळं माप आहे. शेवटची फवारणी आणि तोडणी यात ठरलेले दिवस जावे लागतात. इथेच नवा माणूस अडकतो. कीड दिसू नये म्हणून औषध मारावं तर औषधाचा अंश सापडतो, आणि औषध मारू नये तर कीड सापडते. फळमाशीच्या बाबतीत तर तोडणीच्या तोंडावर फवारणीने काही साधतच नाही, कारण अंडं सालीच्या आत असतं.

फळमाशीचं वागणं मला आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर पहिलं वर्ष वाया गेलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मादी फळ पक्वतेला येऊ लागलं की सालीत टोचून अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, गर खात वाढतात. फळ गळून पडतं. अळी फळातून बाहेर येते, मातीत चार बोटं खाली जाऊन कोष करते आणि काही दिवसांनी त्यातून माशी बाहेर येते, पुन्हा फळ शोधायला. म्हणजे झाडाखाली पडून सडणारा आंबा हा पुढच्या माश्यांचा पाळणा. आणि कोकणात झाडाखाली पडलेला आंबा कोण उचलतो?

आम्ही सापळे लावले होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा, आत मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला ठोकळा. त्या वासाला नर माश्या येतात आणि आत मरतात. फक्त नर. मादी त्या वासाला भुलत नाही. नर संपले की माद्यांची अंडी फळत नाहीत, असा त्यामागचा विचार. पण सापळा हा निम्माच बंदोबस्त आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आठ सापळे टांगून मी निर्धास्त झाले होते.

पहिल्या वर्षीची तोडणी मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. आदल्या आठवड्यात दोन वेळा वळीव पडून गेला होता. ओल आली की माशी वाढते, हे आता माहीत आहे. आंबा चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेला, झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, देठासकट उतरवलेला, चीक फळावर ओघळू नये म्हणून जपून क्रेटमध्ये ठेवलेला. बाबांनी प्रत्येक क्रेट स्वतः पाहिला. संध्याकाळी टेम्पो भरला, मी पुढे ड्रायव्हरदादांच्या शेजारी बसले. संगमेश्वर, चिपळूण, कशेडी, महाड, पेण करत पहाटे तपासणी केंद्रावर पोचलो. आणि सकाळी अकराच्या आत ती अळी.

निर्यातदाराने तोच आंबा वाशीत देऊन टाकायला सांगितलं. दिला. मी बाबांना फोन केला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तू जेवलीस काय गो?"

घरी परत आले तेव्हा डोक्यात एकच होतं: अळी आली कुठून? आमच्या कलमांखाली गळ फारशी नव्हती. मी आणि कृषी सहायक मॅडम दोघी बागेत फिरलो. क्रेटवर ओळीचे आकडे लिहिले होते, म्हणून ते फळ कुठल्या भागातलं हे कळलं. पूर्वेच्या गडग्याकडच्या, म्हणजे दगडी कुंपणाकडच्या, ओळी. गडग्यापलीकडे काकांची जागा. घर बंद, सगळी मंडळी डोंबिवलीला, गणपतीला आणि शिमग्याला येणारी. परड्यात पाच रायवळ आंबे, आजोबांच्या काळातले, आभाळाएवढे. खाली आंब्यांचा खच. काही ताजे, काही फुटलेले, काही काळे पडून मातीशी एक झालेले, वर माश्यांचा घोंगाट.

मॅडमनी दोन आंबे पिशवीत घेतले. घरी खळ्यात वर्तमानपत्र पसरून बाबांसमोर फोडले. आतून अळ्याच अळ्या. पूर्ण वाढलेली अळी अंग वाकवून डोकं-शेपूट एकत्र आणते आणि टणकन उडी मारते. पाच-सहा अळ्या वर्तमानपत्रावरून उडून सारवलेल्या खळ्यात पडल्या आणि मातीत शिरायला जागा शोधू लागल्या. बाबा साठ वर्षं आंब्यात आहेत. हे त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही, पण अळ्या अशा जमिनीकडे धावतात हे पाहून ते खाली बसले आणि बघत राहिले.

"माशीला गडगा कळत नाही हो काका," मॅडम बाबांना म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी डोंबिवलीला काकींना फोन लावला. मनात भीती होती. गावात दुसऱ्याच्या परड्यात पाऊल टाकायचं म्हणजे जुने वाद निघतात, आणि गडग्यावरून आमच्यात आणि त्यांच्यात पूर्वी बोलाचाली झालेलीही होती. मी म्हटलं, काकी, तुमच्या रायवळाखालचे पडलेले आंबे रोज उचलायला परवानगी हवी. त्या म्हणाल्या, "उचल गो. आणि चांगले असतील त्याची साठं घाल, दोन माझ्यासाठी ठेव." तेवढ्यावर काम झालं. मी इतके दिवस उगीच कचरत होते.

दुसऱ्या वर्षी मार्चपासूनच आम्ही सकाळची एक फेरी ठरवून टाकली. राखणीला नेपाळहून आलेलं जोडपं आहे, ती वहिनी आणि मी. आमची बाग आणि काकांचं परडं, दोन्हीकडचं पडलेलं प्रत्येक फळ पाटीत. किडका, पक्ष्याने टोचलेला, वाऱ्याने पडलेला, सगळा. तीन फुटांचा खड्डा, त्यात ओतायचं, वर मातीचा जाड थर. उथळ पुरलं तर माशी वर येते. कलमांच्या बुंध्याभोवतीची माती दर पंधरा दिवसांनी कुदळीने हलवायची, म्हणजे कोष उघडे पडून उन्हाने मरतात. त्याच मातीत आईच्या कोंबड्या सोडल्या, त्यांनी उरलेलं काम केलं. सापळे आठाचे बारा केले, चार काकांच्या हद्दीत. दर रविवारी बाबा सापळे उघडून मेलेल्या माश्या वर्तमानपत्रावर ओततात, मोजतात आणि वहीत लिहितात. एप्रिलमध्ये आकडे दोन आकडी राहिले. बाबा त्या वहीला सातबाऱ्याइतकं जपतात.

आणखी एक ठरवलं. परदेशी पाठवायचा आंबा एप्रिलअखेरपर्यंतचाच. मेमधला वाशीला, पुण्याला, ओळखीच्या घरी.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच टेबल, तोच ट्रे. तपासणीला या वेळी एक मुलगा होता. त्याने एकेक फळ कापलं आणि प्रत्येक कापाला माझ्या पोटात गोळा यायचा. कोयसुद्धा फोडतात. मी विचारलं तर म्हणाला, ती अमेरिकेच्या मालाची सवय. कोयीतल्या भुंग्याची त्यांना धास्ती. हा भुंगा आंबा सुपारीएवढा असताना सालीवर अंडं घालतो, अळी कोयीत शिरते, आणि वाढत्या फळाची जखम अशी भरून येते की बाहेरून आंबा देखणा. खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही, भुंगा कोयीतून बाहेर पडतो आणि झाडाच्या सालीच्या फटीत वर्षभर बसून राहतो. फ्लोरिडात आंब्याच्या बागा आहेत. तिथे फेकलेली एक कोय पुरे. हे ऐकल्यावर त्यांच्या अटी मला जाचक वाटेनाशा झाल्या. आमच्या बागेत उद्या कुणी बाहेरची नवी कीड आणून सोडली तर आम्ही काय करू?

आमचा लॉट स्वच्छ निघाला.

मग उष्णजल प्रक्रिया. युरोपच्या आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं. क्रेट टाकीत उतरतात, पाणी फिरतं ठेवलेलं असतं, टाकीत ठिकठिकाणी सेन्सर, तापमानाची नोंद आपोआप होत राहते. एका टोकाला एक अंशाने कमी पडलं तर अळी वाचू शकते, जास्त झालं तर आंबा शिजतो. हात बुडवून पाहिलं. आंघोळीच्या कढत पाण्याहून गरम. हापूस नाजूक, सालीला डाग पडतात का, पुढे आत साका, म्हणजे पांढरट कडक गर, धरतो का, ही माझी काळजी होती. तिथल्या माणसाने सांगितलं, "कोवळा तोडलेला आंबा इथे उघडा पडतो. पक्व असेल तर निभावतो." म्हणजे पुन्हा गोष्ट तोडणीवर, झाडावर चढलेल्या गड्याच्या नजरेवर आली. आमच्यातली काही फळं बाद झालीच. देठाजवळ करड्या रेषा उमटल्या. पण बहुतेक आंबा बाहेर आला तो घासून पुसल्यासारखा.

प्रक्रिया झालेला आंबा दुसऱ्या दाराने दुसऱ्या खोलीत जातो. दाराला पट्ट्यांचे पडदे, वरून हवेचा झोत, खिडक्यांना बारीक जाळी. धुतलेल्या आणि न धुतलेल्या आंब्याची गाठ पडू द्यायची नाही, कारण आतली अळी मेली तरी बाहेरची माशी फळावर पुन्हा बसू शकते. खोक्यांच्या भोकांनाही जाळी. आमची लाकडी पेटी आणि पेंढा दोन्ही बाद, कारण लाकडात पोखरणारे किडे आणि पेंढ्यात कीटक, तणांचं बी जाऊ शकतं. बाबांनी आयुष्यभर पेंढ्यात आंबा भरला, त्यांना पुठ्ठ्याचं खोकं परकं वाटतं. मलाही पेंढ्याचा वास आठवतो. पण नियमामागचं कारण कळल्यावर तक्रार उरली नाही.

शेवटी वनस्पती विलगीकरण विभागाच्या अधिकाऱ्याने कागद आणि खोकी तपासून फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीडमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र दिलं. एका पानाचा कागद. त्यावर देश, फळ, वजन, प्रक्रियेचं तापमान आणि वेळ. निर्यातदाराने त्याचा फोटो मला पाठवला, मी बाबांना. बाबांनी तो झूम करून करून वाचला आणि विचारलं, "यात आपल्या बागेचा नंबर कुठे आहे?" तो खोक्यावर आहे म्हटल्यावर खोक्याचाही फोटो मागितला.

त्याच निर्यातदाराने गेल्या वर्षी अमेरिकेसाठी आमचा थोडा आंबा घेतला. तिथली रीत वेगळी. भारतीय आंब्याला अमेरिकेने २००७ मध्ये, अठरा वर्षांच्या बंदीनंतर दार उघडलं, ते विकिरणाच्या, म्हणजे फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर. किमान ४०० ग्रे (हे किरणांचं माप) मात्रा. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रातून तेव्हा सुरुवात झाली, आता वाशीलाही सोय आहे. बंद खोकी किरणोत्सारी कोबाल्ट-६० च्या स्रोताभोवतून फिरतात. आंबा तापत नाही, ओला होत नाही. गंमत वाटेल, पण या प्रक्रियेनंतर फळात जिवंत अळी दिसली तरी ती चूक धरत नाहीत. विकिरणाने अळी लगेच मरेलच असं नाही, तिची माशी होत नाही आणि वंश पुढे जात नाही, हे त्यांना पुरतं. या कामावर देखरेखीला अमेरिकेचे निरीक्षक यायचे. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे ते येऊ शकले नाहीत आणि अमेरिकेचा रस्ता दोन हंगाम बंद राहिला, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. एक माणूस विमानात बसू शकला नाही की कोकणातला आंबा थांबतो, इतकं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. जपानची गोष्ट आणखी निराळी, त्यांना उष्णबाष्प प्रक्रिया हवी, ४७.५ अंशाला २० मिनिटं. तिकडे आम्ही अजून गेलेलो नाही.

पैशाचं विचारतात म्हणून सांगते. पेटीमागे वाशीपेक्षा बरा दर मिळतो, पण निवडीत फळ फार गळतं. दाग, आकार, वजन, पक्वता, सगळं लावलं की आमच्या बागेतल्या आंब्यातला चौथा हिस्साही तिकडे जात नाही. फक्त निर्यातीच्या आशेवर कुणी बाग धरू नये. पण पडलेलं फळ उचलायला लागल्यापासून वाशीला जाणाऱ्या आमच्या मेमधल्या आंब्यातही अळीची तक्रार आलेली नाही, आणि हा फायदा निर्यातीच्या कुठल्याच हिशेबात मी धरला नव्हता. ग्राहक पुण्याचा असो की लंडनचा, किडका आंबा कापल्यावर त्याचं तोंड सारखंच होतं.

गावात आता चार घरं सकाळची फेरी करतात. सगळी करत नाहीत. खालच्या वाडीत दोन बागा मुंबईकरांच्या, ठेक्याने दिलेल्या. ठेकेदार तोडणी करून गेला की खाली पडलेलं बघायला कुणी नसतं. मी दोनदा जाऊन बोलले. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. मी पुन्हा जाणार आहे.

आज जूनची ९ तारीख. तोडणी संपली, आढीतले शेवटचे आंबे संपले, पावसाची पहिली झड परवा येऊन गेली. निर्यातीचं काम केव्हाच आटोपलं, पण फळमाशीचा हंगाम आत्ता भरात आहे, कारण रायवळ अजून पडतोय. सकाळी वहिनी आणि मी पाच पाट्या उचलल्या. खड्ड्यात ओतून माती लोटली. बाबांनी काकांच्या हद्दीतला सापळा उघडला, पडवीत वर्तमानपत्र पसरलं आणि काडीने एकेक माशी बाजूला करत मोजायला बसले. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्यांनी मला हाक मारली, "वही आण, आणि खालच्या वाडीत कधी जायचं ते ठरव."